हातावर पट्टी

"तोंड बंद ठेवता येत नसेल ना ट्रॉय, तर गळ्यातलं ते कार्ड काढ आणि टेबलावर ठेव. मी काही तुझ्या हातापाया पडणार नाहीये."

"हे घ्या, ठेवलं. ती मघापासून रडतेय आणि तुम्ही सगळे बसलाय सिलिंगकडे बघत."

"ती रडत नाहीये. ती करेन आहे."

आता हे खरंच होतं. करेन एका हॉटेलात अकाउंट्स बघायची, तिचा मुलगा ट्रॉयहून मोठा होता, आणि त्या दिवशी ट्रेनिंगमध्ये तिला मार खाल्लेल्या छोट्या मुलीचं सोंग आणायचं होतं. तिनं ते इतकं मन लावून आणलं की ट्रॉयच्या डोक्यातून ती करेन आहे हेच निघून गेलं. सरकारी वकिलाचं सोंग घेतलेल्या माणसानं विचारलं, "घरी काय होतं?" करेननं मान खाली घातली, ओठ थरथरवले. ट्रॉयला तिच्या बाजूला नुसतं बसायचं होतं. तो बसला किती, तर एक घोट पाणी प्यायला लागतो तेवढा वेळ. मग उठलाच. "अगं सांग ना त्यांना, बाप मारतो म्हणून. घाबरतेस कशाला, मी आहे ना."

झालं. ट्रेनिंग देणाऱ्या साधना आंटींनी तिथंच खेळ थांबवला आणि कार्ड काढायला सांगितलं.

"बाप मारतो? कशावरून?"

"दिसतंय ना."

"करेन, तुला मी काय सांगितलं होतं? कोण मारतं?"

करेननं खरोखरीचे डोळे पुसले आणि ओशाळून म्हणाली, "शेजारीण. बाप बिचारा चांगला आहे."

"झालं. चांगला बाप गेला आत," साधना आंटी म्हणाल्या. "आणि शेजारीण घरी बसून चहा पितेय. शाबास ट्रॉय."

कोणीतरी फिसकन हसलं. ट्रॉयनं खुर्ची मागे ढकलली ती पडलीच, आणि तो बाहेर गेला.

बाहेर अमिरातीतल्या फुजैराचं दुपारचं ऊन. गाड्यांचे हँडल धरवत नव्हते. समोर रस्त्याच्या शेवटाला समुद्र, आणि समुद्रात तेल भरायला थांबलेल्या बोटी, रांगेत, कोणीही पुढं न जाता. ट्रॉयला त्या बोटींचाही राग आला. सगळं जग आपलं थांबून बसलेलं असतं आणि आपल्यालाच कुठंतरी पोचायचं असतं, असं त्याला नेहमी वाटायचं.

तो एकोणीस वर्षांचा होता. बारावी अर्धी सोडलेली. एका फार्मसीची औषधं बाइकवरून घरोघर पोचवायचा. वसईची माणसं, पण तो जन्मलेला इथलाच. वडील फुजैराच्या बंदरातल्या एका ऑफिसात, मम्मी कॉन्सेप्टा हॉटेलच्या फ्रंट डेस्कवर. मम्मीचं म्हणणं एकच, "दुसऱ्याच्या पोरापायी स्वतःचं शिक्षण घालवलं ह्या मूर्खानं." तेही खोटं नव्हतं. शाळेतल्याच ट्यूशनला व्हिवियन म्हणून एक लहान मुलगा यायचा, त्याला तिथले सर फार मारायचे. ट्रॉयनं तक्रार केली. मग व्हिवियनला बोलावून विचारलं, "सर तुला मारतात का?" आणि विचारलं कुठं, तर सरांच्याच समोर. व्हिवियन म्हणाला, "नो." ट्रॉयनं डस्टर उचललं आणि सरांना फेकून मारलं. सरांच्या चष्म्याची एक काच गेली, ट्रॉयची शाळा गेली, व्हिवियन तिथंच राहिला.

म्हणून तर हे ट्रेनिंग. केंद्र छोटं होतं, आणि काम सांगायला अगदी सोपं. ज्या मुलांना घरचंच कोणी मारतं, छळतं, त्यांना सरकारी वकिलासमोर नाहीतर कोर्टात सांगावं लागतं. त्या वेळी त्यांच्या बाजूला त्यांचं असं एक माणूस बसतं. ते वकील नसतं, दुभाषी नसतं, पोलीस तर नसतंच. त्याला म्हणायचं सोबती. व्हिवियनच्या बाजूला असं कोणी असतं तर, एवढंच ट्रॉयच्या डोक्यात होतं. पण सोबत्यानं गप्प बसायचं असतं, हे त्याला कोणी आधी सांगितलं नव्हतं.

मागून दार वाजलं. साधना आंटी दोन हातांत इथल्या घट्ट, गोड करक चहाचे दोन कागदी कप घेऊन उन्हात आल्या. मूळच्या पुण्याच्या, तिकडं वकिली केलेल्या, नवऱ्याच्या नोकरीपायी इकडं येऊन राहिलेल्या. आवाज चढवायच्या नाहीत, त्यामुळं जास्तच लागायचं.

"धर. खुर्चीचा पाय मोडला नाहीये, नशीब तुझं."

"मी येणार नाही परत."

"नको येऊस. मला फक्त एक सांग. तुझ्या त्या मित्राला 'सर मारतात का' असं विचारलं, तेव्हा तू काय पाहिलंस?"

"तो घाबरला होता."

"हे तुला समजलं. पाहिलंस काय?"

ट्रॉयनं चहाचा घोट घेतला, जीभ भाजली. "त्यानं... 'नो' म्हणायच्या आधी सरांच्या शर्टच्या खिशाकडं बघितलं. तिथं पट्टी असायची त्यांची. लाकडाची. अर्धी बाहेर."

साधना आंटींनी आपल्या चहावर फुंकर घातली. मग म्हणाल्या, "हे सांगितलं होतंस तू कोणाला?"

"नाही. मी डस्टर मारलं."

"खलास. हेच शिकायचंय तुला. बाकी तुला सगळं येतं." त्यांनी त्याच्या गळ्यात कार्ड परत अडकवलं, जसं शाळेत जाणाऱ्या मुलाला पाण्याची बाटली अडकवतात तसं. "चल आत. करेनला वाटतंय तिच्यामुळं झालं."

त्यानंतर साधना आंटींनी त्याला पार सोलून काढला. कॅफेटेरियात बसायचं आणि काचेतून माणसं बघायची. "तो माणूस चिडलाय," ट्रॉय म्हणायचा. "पाहिलंस काय?" "गाडीची चावी दोनदा टेबलावर आपटली." "हां. असं बोल." ती बाई नवऱ्याला कंटाळलीय नाही म्हणायचं, ती त्याचं बोलणं संपायच्या आधी मान हलवते, असं म्हणायचं. पाहिलं ते सांग, समजलं ते गिळ. ट्रॉयला आधी वाटलं हा काय पोरखेळ. मग एक दिवस त्याच्या लक्षात आलं, आपण फार्मसीची पिशवी द्यायला जातो त्या दारांतसुद्धा बघतोय. कोण पिशवी दोन हातांनी घेतं, कोण दार अर्धंच उघडतं.

नियम तोंडपाठ झाले. मुलाला प्रश्न विचारायचा नाही. हात लावायचा नाही. 'सगळं ठीक होईल' म्हणायचं नाही, कारण ते आपल्या हातात नसतं. मुलाच्या शब्दाचा अर्थ सांगायचा नाही, भाषा येत असली तरी. कारण तू अर्थ सांगितलास की समोरचा वकील म्हणणार, ह्यानंच पढवलं. मग मूल खरं बोललं तरी ते वाया जातं.

एकच गोष्ट सोबत्याच्या हातात असते. पिवळं कार्ड. ते वर केलं की सगळ्यांनी थांबायचं. मग सोबत्याला एकच वाक्य मिळतं, आणि त्यात फक्त पाहिलेलं.

फुटबॉलमध्ये हे कार्ड ट्रॉयला दुसऱ्यांनीच दाखवलं होतं, ते पण पोटभर. आपल्या खिशात ते पहिल्यांदाच आलं होतं.

"एकच वाक्य," साधना आंटी म्हणाल्या. "भाषण नाही. पहिल्या खऱ्या केसमध्ये तू एक शब्द जास्त बोललास तर मी तुला परत आत सोडू शकणार नाही. माझ्या मनात असलं तरी."

"इन्शाल्ला, बोलणार नाही."

"इन्शाल्ला नको. मराठीत सांग."

"नाही बोलणार, आंटी."

पहिली केस आली ती अचानक. दुपारी साधना आंटींचा फोन. "मुलगी मराठी आहे. मराठी येणारा सोबती तूच मोकळा आहेस. बाइक हळू चालव."

मुलीचं नाव शुभ्रा. दुसरीतली. आई नाही. वडील रुवैसला रिफायनरीत, वाळवंटाच्या त्या टोकाला, म्हणून पोरीला फुजैरात, तेलाच्या टर्मिनलमध्ये कामाला असलेल्या सख्ख्या भावाकडं ठेवलेलं. सातारच्या मराठी शाळेतून उचलून आणलेली, त्यामुळं इंग्लिश तिला अजून वर्गातल्या मुलांकडूनच ऐकू यायचं. हिंदी कार्टूनमधून समजायचं. हाताला सूज बघून शाळेच्या नर्सनं कळवलं होतं. काकांनी लगेच येऊन सांगितलं, दारात हात चेंगरला, मीच पट्टी बांधली होती, आता काढली. आता शुभ्रा काय सांगते, त्यावर होतं सगळं. ती काही बोलली नाही, किंवा काका म्हणतात तेच बोलली, तर संध्याकाळी त्याच काकांच्या गाडीत बसून घरी.

काका कॉरिडॉरमध्येच बसले होते. इस्त्रीचा शर्ट, चकचकीत बूट, येणाऱ्या-जाणाऱ्याला उठून वाट देत होते. ट्रॉयला साधना आंटींशी बोलताना ऐकलं आणि चेहरा खुलला त्यांचा.

"मराठी का? बरं झालं बाबा. आपलं माणूस आहे आत म्हणजे काळजी नाही."

ट्रॉयनं तोंड उघडलं. साधना आंटींनी त्याच्याकडं नुसतं बघितलं. त्या बाहेरच थांबणार होत्या. आत एकालाच परवानगी. ट्रॉय गेला.

खोली मुलांसाठी सजवलेली. निळी भिंत, छोटं टेबल, रंगीत खडू, कोपऱ्यात एक अस्वल, त्याच्या कानाला किमतीची चिठ्ठी तशीच. म्हणजे आजवर कोणी त्याला मांडीवर घेतलंच नव्हतं. सरकारी वकील फहद, अंगात पांढरा पायघोळ कंदुरा, तरुणच, आवाज मऊ. बाजूला टाइप करणारी बाई. टेबलावर फोन, स्पीकरवर. फोनमध्ये दुभाषी अक्रम, दुसऱ्या शहरातून. फाइलवर मुलगी इंडियन, म्हणून दुभाषी हिंदीचा. फहद अरबीत विचारणार, अक्रम हिंदीत सांगणार, मुलगी बोलेल ते परत अरबीत.

शुभ्रा खुर्चीच्या टोकावर बसली होती. पाय जमिनीला पोचत नव्हते आणि ती ते हलवतही नव्हती. ट्रॉय बाजूला बसला, सांगून ठेवलेलं वाक्य म्हणाला, "मी ट्रॉय. मी तुझ्या बाजूला बसणार आहे, बाकी काही नाही." तिनं त्याच्याकडं बघितलंही नाही.

फहदनं शाळेचं विचारलं, डब्याचं विचारलं. शुभ्रा मान हलवायची. फोनला मान दिसत नाही, त्यामुळं अक्रम सारखा म्हणायचा, "बेटा, बोलो." मग हळूच फहद हाताकडं आला.

"बेटा, ये हाथ को क्या हुआ?"

शुभ्रानं हात फ्रॉकखाली ओढला.

"घर में कुछ हुआ था?"

"हो."

"किसने किया?"

शुभ्रानं दाराकडं बघितलं. मग, "काकांनी."

"चाचा ने क्या किया, बेटा?"

"पट्टी."

"पट्टी? कहाँ पर?"

"हातावर."

अक्रमचा आवाज एकदम मोकळा झाला. "अच्छा, हाथ पर पट्टी." आणि तो भराभर अरबीत सांगायला लागला. ट्रॉयची अरबी म्हणजे शाळेत नापास झालेली. पण त्यातला एक शब्द त्यानं पकडला. शाश. फार्मसीत रोज हातात यायचा तो. जखमेवर बांधायच्या कापडाच्या गुंडाळ्या, त्यांच्या खोक्यावर हाच शब्द.

काकांनी तिच्या हातावर बँडेज बांधलं. असं चाललं होतं फोनमधून.

टाइप करणाऱ्या बाईची बोटं चालू झाली. फहदनं मान डोलवली. काका म्हणाले होते तेच की हे. त्यानं फाइलचं एक पान उलटलं, आणि ते पान ज्या पद्धतीनं उलटलं त्यावरून ट्रॉयला कळलं, प्रश्न संपत आले.

पण ट्रॉयनं हात बघितला होता.

'पट्टी' म्हणताना शुभ्रानं डावा हात मांडीवरून जरासा उचलला होता. तळवा वर. बोटं ताठ, एकमेकांना चिकटवलेली. आणि अंगठा आत घट्ट दुमडलेला, त्याला लागू नये म्हणून. जेमतेम एक क्षण. मग तिनं हात परत फ्रॉकखाली घातला. बँडेज बांधून घेणारं मूल असा हात धरत नाही. असा हात व्हिवियन धरायचा. सरांनी खिशातून लाकडी पट्टी काढली की, न सांगता.

ट्रॉयचं डोकं सणकलं. अर्धा उठला तो खुर्चीतून. जिभेवर सगळं तयार होतं. अरे बाबांनो, पट्टी म्हणजे स्केल, स्केलनं मारतो तो हिला, आणि बाहेर बूट चमकवत बसलाय.

आणि नेमका त्याच वेळी त्याच्या कानात करेनचा आवाज आला. बाप बिचारा चांगला आहे.

कशावरून, ट्रॉय? मम्मीसुद्धा कापलेल्या बोटाला पट्टीच बांधते. मराठीत दोन्ही पट्ट्याच. कदाचित काकांनी आधी मारलं असेल, मग बँडेज बांधलं असेल. कदाचित हात दुखतोय म्हणून तिनं तसा धरला असेल. तुला समजलं ते गिळ. आणि तू आत्ता बोललास, तर कोर्टात तो चमकत्या बुटांचा माणूस म्हणेल, शब्द त्या पोराचा आहे, माझ्या पुतणीचा नाही. आणि त्याचं खरं धरतील.

त्यानं खिशात हात घातला. कार्ड बाइकवर बसून बसून दुमडलं होतं. तसंच वर धरलं.

खोली थांबली. टाइप करणारी बाई थांबली. फहदनं वर बघितलं. हे कार्ड त्यालाही रोज दिसत नसावं.

"येस?"

ट्रॉयनं इंग्लिशमध्ये वाक्य जुळवलं, एक, पुढून मागून तपासून. "सर, पट्टी म्हणताना तिचा हात काहीतरी करत होता, मी पाहिलं, प्लीज पट्टी म्हणजे काय ते तिलाच दाखवायला सांगा."

फहद खुर्चीत मागे टेकला. "तू तिची भाषा बोलतोस?"

"येस सर."

"मग तुला काय वाटतं? काय आहे ते?"

हे कोणी ट्रेनिंगमध्ये शिकवलं नव्हतं. सरकारी वकील स्वतः विचारतोय. उत्तर तोंडात आहे. शुभ्रा पहिल्यांदा त्याच्याकडं बघतेय. ट्रॉयनं दोन्ही हात मांड्यांखाली घातले आणि त्यांच्यावर बसला.

"मला काय वाटतं ते विचारू नका, सर. तिला विचारा."

फहद फोनकडं वळला. अक्रम म्हणाला, "बेटा, ये पट्टी क्या चीज़ है? सामने काग़ज़ है ना? बनाके दिखाओ."

शुभ्रानं खडू घेतला. लांबलचक एक चौकट काढली, कागदाच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग तिच्या कडेला बारीक बारीक रेघा. सगळ्या सारख्या अंतरावर, जीभ बाहेर काढून, मन लावून. फहद पुढं वाकला. मग तिनं रेघांखाली आकडे घातले, तिच्या सातारच्या शाळेत शिकवलेले. १, २, ३.

आता इथं एक गंमत आहे. आपले दोन आणि तीन इंग्लिशच्या आकड्यांसारखेच, आणि अरबीतले म्हणजे तेच, जरा आडवे पडलेले. फहदला ते वाचायला अक्रमची गरजच नव्हती. त्यानं कागद स्वतःकडं फिरवला नाही, उलटाच वाचला, बोट न लावता. "वाहिद," तो हळू म्हणाला. "इथनैन. थलाथा." आणि थांबला. मग म्हणाला, "मिस्तरा."

शाळेतल्या अरबीतले जे चार शब्द ट्रॉयला येत होते, त्यातला हा एक. पहिल्या धड्यातला. पेन, पेन्सिल, वही, मिस्तरा. मोजपट्टी.

"या पट्टीचं काय केलं काकांनी?" फहदनं विचारलं आणि अक्रमनं तेच हिंदीत केलं, पण ह्या वेळी त्याचा आवाज मोकळा नव्हता.

शुभ्रानं हात पुढं केला. तळवा वर, बोटं ताठ, अंगठा आत. आणि डोळे घट्ट मिटून घेतले, कोणी काही सांगायच्या आधीच.

टाइप करणारी बाई उठून खिडकीकडं गेली. फहदच्या टेबलावर पेनांच्या डब्यात एक स्टीलची पट्टी उभी होती. त्यानं ती काढली, ड्रॉवर उघडला, आत ठेवली, ड्रॉवर लावला. आवाज होऊ दिला नाही. मग अक्रमकरवी म्हणाला, "शुभ्रा. हात खाली घे. इथं कोणी नाही मारत."

तिनं एक डोळा उघडला. मग दुसरा. आणि मग ती बोलायला लागली. मराठीत, भडाभडा, थांबेचना. पाढे चुकले की पट्टी, दूध सांडलं की पट्टी, बाबांचा फोन आल्यावर रडली की दोन. अक्रम मधेच आधी अरबीत आणि मग हिंदीत म्हणाला, "फहद साहब, रोकिए. ये मेरे बस की ज़बान नहीं है. पहले वाला भी मुझसे ग़लत गया, मेरे नाम से लिखवा दीजिए." असा सरळ माणूस. फहदनं सगळं थांबवलं. मराठीचा दुभाषी येईपर्यंत पुढं एक शब्द नाही. आणि मुलगी आज त्या घरी जाणार नाही. हे त्यानं दोनदा सांगितलं, एकदा बाईला टाइप करायला, एकदा शुभ्राला.

सगळे आपापल्या कामाला लागले तेव्हा शुभ्रानं ट्रॉयला विचारलं, "दादा, तुला मराठी येतं?"

"हो."

"मग मघाशी का नाही बोललास?"

"तू बोलत होतीस ना."

तिला ते पटलं. कोपऱ्यातलं अस्वल ओढून घेऊन ती त्याच्या कानाची चिठ्ठी तोडायला लागली.

बाहेर कॉरिडॉरमध्ये काका उठून उभे. हातात गाडीची चावी. "झालं? काय म्हणाली पोरगी आमची?"

ट्रॉयच्या हाताच्या मुठी वळल्या होत्या, ते साधना आंटींनी पाहिलं. मुठी सुटताना पण पाहिल्या.

"मला सांगता येत नाही, काका," तो म्हणाला आणि बाजूनं निघून गेला. पाठीमागं फहदच्या ऑफिसातली दोन माणसं काकांना आत बोलवत होती, अगदी अदबीनं.

पुढचं कोर्टात झालं. मराठी बोलणारी दुभाषी बाई आली, समोर बसूनच, फोनवर नाही. शुभ्रानं सगळं पहिल्यापासून सांगितलं, बाजूला ट्रॉय, खिशात कार्ड, ते काढायची वेळच आली नाही. काकांच्या वकिलानं विचारलं, हे शब्द त्या सोबत्यानं शिकवले ना? तेव्हा जजनी त्या दिवसाचं टाइप केलेलं वाचायला लावलं. त्यात ट्रॉयचं वाक्य होतं. आणि फहदनं विचारल्यावर 'तिला विचारा', एवढंच. त्याच्या पुढं मुलीनं काढलेलं चित्र जोडलेलं. वकील खाली बसला.

काकांना शिक्षा झाली. शुभ्राच्या वडलांना कंपनीनं रुवैसमध्येच घर दिलं, शुभ्रा तिकडं गेली. जाताना तिच्या वडलांनी ट्रॉयचा हात धरला तो सोडेचना. शुभ्रानंच बापाला सांगितलं, "सोडा बाबा, त्याला कोणाला हात लावू देत नाहीत." सगळे हसले, बाप पण, रडता रडता.

केंद्रात साधना आंटींनी त्याचं ट्रेनिंगचं कार्ड काढून घेतलं आणि पक्कं दिलं. करेननं केक आणला होता, स्वतः केलेला, एका बाजूला बसलेला.

"मी तुझ्यावर ओरडले होते त्या दिवशी," आंटी म्हणाल्या.

"तुम्ही कुठं ओरडता. ओरडला असता तर बरं वाटलं असतं."

"तोंड अजून तसंच आहे तुझं."

"आत बंद ठेवतो ना. बाहेर तरी चालू द्या."

त्या हसल्या. त्यांना तसं हसताना ट्रॉयनं पहिल्यांदाच बघितलं, आणि त्याला आपली कॉलर ताठ करावीशी वाटली, पण टीशर्टला कॉलर नव्हती.

घरी मम्मी सुरमई तळत होती. आज ड्यूटी सकाळची, म्हणून घरात. ट्रॉय आला तशी पाठ न वळवता म्हणाली, "ऐकलंस का? त्या टर्मिनलमधल्या माणसाला आत टाकलं म्हणे. पुतणीला मारायचा. चर्चमध्ये सगळे तेच बोलत होते. दिसायला किती सज्जन. आणि म्हणे कोणीतरी आत उभा राहिला पोरीसाठी, मराठीच कोणीतरी, फार हुशार. वकील असणार."

ट्रॉयनं फ्रिज उघडला. फ्रिजमध्ये बघत राहिला. आयुष्यात पहिल्यांदा त्याच्याकडं मम्मीला गप्प करायला एवढी मोठी गोष्ट होती, आणि ती सांगायची नव्हती.

"नो आयडिया, मम्मी."

"तुला कशी असणार. तू फिर पिशव्या वाटत. त्या तुझ्या क्लासचं काय झालं? काढलं की नाही अजून?"

"पास झालो."

मम्मीनं मागे वळून बघितलं. हातात पलटा, त्यावरून तेल गळतंय. पास हा शब्द तिनं ह्या पोराच्या तोंडून बऱ्याच दिवसांनी ऐकला होता. त्याच्या गळ्यातल्या कार्डाकडं बघितलं, मग त्याच्या तोंडाकडं. हॉटेलच्या डेस्कवर जन्म गेलेली बाई. माणूस काय बोलत नाहीये, ते तिलाही दिसत असणारच. "मराठीच कोणीतरी," ती परत हळू म्हणाली. "काय रे ट्रॉय?"

"काय?"

"काही नाही. बस. पहिला तुकडा तुझा."

त्यानं ताट ओढलं तेवढ्यात फोन वाजला. साधना आंटी. तो ऐकत राहिला, एकदा "हो" म्हणाला, एकदा "मुलगा की मुलगी," आणि बाइकची चावी उचलली.

"अरे गरम आहे, खाऊन तरी..."

"ठेव झाकून, मम्मी. मला आता निघायचंय."